मानेवर थांबलेली माळ

“अक्का, जरा बाजूला सरा. तुमची सावली पडतीया आत्याबाईंवर,” कला म्हणाली, आणि मी माझ्याच घराच्या सोप्यात मागे सरले.

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. तोंड उगवतीकडे, पोट उपाशी. डोळे हळदीसारखे पिवळे, हातांवर खाजवून खाजवून उठलेले ओरखडे. पण चेहरा असा समाधानी, की अर्धं दुखणं आत्ताच पळालंय. त्यांच्या मागे कला उभी होती. माझी धाकटी जाऊ. तिच्या हातात ओल्या काड्यांची एक लहानशी माळ होती. बोटाच्या पेराएवढ्या काड्या, प्रत्येक काडीला पांढऱ्या दोऱ्याचा फास. माळ इतकी लहान की गळ्यात जायची नाही, डोक्यावर चुंबळीसारखी बसायची. कलाने ती सासूबाईंच्या डोक्यावर ठेवली, काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, “झालं. आता माळ जशी खाली उतरंल तशी कावीळ उतरंल. तेलकट न्हाई, तिखट न्हाई आणि...”

इथे ती अडखळली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि माळ अंगावर हाय तवर गोळी-इंजेक्शन न्हाई.”

“ऐकलंस का, प्रमिला?” सासूबाई म्हणाल्या. जणू मी पदराखाली सुई लपवूनच उभी होते.

मी आत गेले, साडी बदलली आणि ड्यूटीला निघाले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती एसटीत बसल्यावरही खाली उतरली नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी सिस्टर होते. बाळंतपणं करत होते, सलाइन लावत होते, डॉक्टर जागेवर नसले तर टाकेही घालत होते. बाजारात गेले की लोक “सिस्टर, सिस्टर” करत मागे यायचे. घरात मात्र माझ्या शिक्षणाला कुणी चहासुद्धा विचारत नव्हतं. घरात डॉक्टर एकच, ती म्हणजे कला. तिचे वडील काविळीची माळ घालायचे. जाताना त्यांनी आपला ‘हात’ लेकीला दिला, असं लोक म्हणायचे. काडी कुठल्या वेलाची ते ती सांगायची नाही. सांगितलं की गुण जातो. पैसे घ्यायचे नाहीत, हाही वडिलांचाच दंडक. नारळ तेवढा चालायचा. रविवारी सकाळी आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नसायची. बायका पोरं काखेत घेऊन कऱ्हाडपासून यायच्या, आणि मी माझ्याच घरात वाट काढत पाण्याची घागर आणायची. मला पगार मिळायचा, तिला नमस्कार मिळायचे. आणि खरं सांगायचं तर मला नमस्कार हवे होते.

माळ लांबते कशी ते मला ठाऊक होतं. ओल्या काड्या वाळतात, वाळल्या की बारीक होतात, दोऱ्याचे फास सैल पडतात आणि माळ वाढते. साधी कावीळ विश्रांतीने आणि पथ्याने तशीही बरी होते. तेवढ्यात माळ डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, छातीवरून बेंबीपर्यंत येते आणि लोक कलाच्या पाया पडतात. मी हे एकदा जेवताना समजावून सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “मग तू कर की एक, अन् लांबवून दाव.” सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

सगळं मी गिळलं असतं. पण एक गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. रोज दुपारी परड्यात, गोठ्याच्या भिंतीला टेकून, कला सासूबाईंची वेणी घालायची. सासूबाईंचे केस म्हातारपणीही कमरेपर्यंत होते. कला तेल लावायची, फणी फिरवायची, आणि दोघी हलक्या आवाजात काहीबाही बोलत बसायच्या. नवीन होते तेव्हा एकदा मीही गेले होते फणी घेऊन. सासूबाई मान वळवून म्हणाल्या होत्या, “नगं बाई. तुझ्या हाताला औषधाचा वास येतो.” त्यानंतर मी कधी गेले नाही. पण घरी असले की दुपारी मागच्या दारातून बघायची मात्र.

असं असूनही एक दिवस मला कला आवडली होती. भांगलताना तिच्या पायाला खुरपं लागलं, पिंढरी चांगलीच फाटली. मी तिला दवाखान्यात नेऊन टाके घातले. दुसरी एखादी डोळे मिटून किंचाळली असती. ही वाकून बघत होती. म्हणाली, “अक्का, ही गाठ सुटत कशी न्हाई? मी किती बी आवळली तरी माझी गाठ सैल पडती.” मला इतकं बरं वाटलं! त्या घरातलं माणूस पहिल्यांदाच माझं काम बघत होतं. मी खाटेच्या दांडीला दोरा बांधून तिला दाखवलं: पहिल्यांदा दोऱ्याचे दोन वेढे, आवळायचं, मग उलट्या बाजूने गाठ, पुन्हा आवळायचं. ती लंगडत घरी गेली तरी पदराच्या दशांना गाठी मारत होती.

तर, सासूबाईंची माळ.

माळ उतरत होती. कपाळावर आली, कानांवर आली आणि एका सकाळी घसरून गळ्यात पडली. सासूबाईंनी शेजारच्या तारूबाईला हाक मारून दाखवली. कलाने नारळ फोडला. मी मात्र सासूबाईंच्या मागोमाग मोरीत जाऊन बघत होते. लघवी काळ्या चहासारखी, परसाकडं पांढरट. खाज कमी व्हायचं नाव नाही. उजव्या बरगडीखाली हात लावला की त्या कळवळायच्या. आणि डोळे? माळ खाली येत होती आणि डोळे आणखी पिवळे होत होते.

“ही साधी कावीळ न्हवं,” मी सांगितलं. “पित्ताच्या वाटंत खडा अडकला असणार. साताऱ्याला जाऊन पोटाचा फोटो काढूया.”

“माळ गळ्यात आली, तरी तुझं हायच का?” सासूबाई म्हणाल्या.

“आईचं मन मोडू नकोस,” आमचे हे म्हणाले. यांना आईचं मन नेहमी दिसायचं, माझं कुठे असतं ते यांनी कधी विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी सासूबाईंना हुडहुडी भरली. दोन घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते. ताप चढला, घाम फुटला, उतरला. मी स्वयंपाकघरात गेले. कला चुलीपुढे भाकरी थापत होती. मी मनात भांडणाची सगळी तयारी करून गेले होते, पण तिनंच आधी तोंड उघडलं.

“अक्का, खडाच हाय का? नक्की?”

“आत काय हाय ते मला दिसतंय व्हय? फोटो काढल्याबिगर नक्की कळायचं न्हाई. पण लक्षणं सगळी त्याचीच हाईत.”

“मग माळ कशी उतरतीया?”

“काड्या वाळतात म्हणून. ती खुंटीला टांगून ठिवली असतीस तरी उतरली असती.”

मला वाटलं, आता ही फणकारेल, वडिलांचं नाव काढेल. ती तव्याकडे बघत राहिली. भाकरी करपली.

“आणि न्हाई काढला खडा तर?”

“पू हुईल. रक्तात भिनंल. मग माझी सुई बी नगं आन् तुझी माळ बी नगं.”

तिने करपलेली भाकरी बाजूला काढली, हात धुतले आणि तशीच सोप्यात गेली. मी दाराआड थांबले. ती सासूबाईंच्या पायाशी बसून म्हणत होती, “आत्याबाई, अक्कांबरोबर जावा की साताऱ्याला. एकदा दावून या.”

सासूबाईंनी घोंगडीतून तोंड बाहेर काढलं. “ही थोरलीची भाषा तुझ्या तोंडात कवापास्नं? तिनं तुला भरीला घातलं व्हय? माळ मानंपतोर आली. आता राहिलंय किती? तुझ्या बाच्या हातानं एक माणूस वाया गेल्यालं ऐकलंय का?”

कला उठली आणि परत चुलीपुढं गेली. मला तिचा रागच आला. एवढीच विनवणी? हिला मनापासून वाटत असतं तर पाय धरून बसली असती, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून मी लवकर परत आले, सासूबाईंचा ताप बघायला. सोप्यात कुणी नव्हतं. मागच्या दारी गेले तर दोघी परड्यात. सासूबाईंची मान खाली, केस मोकळे, आणि केसांखाली कलाची बोटं. एवढ्या आजारपणातही वेणी चुकली नव्हती! मी चहा ठेवला. चहा झाला, निवला, तरी यांची वेणी संपेना. गाईने कडबा खाऊन संपवला. कला एकदा उजवीकडून वाकत होती, एकदा डावीकडून. मधूनच दातांनी दोरा तोडल्यासारखी मान हलवत होती. वेणीला बांधायचा दोरा असेल. तिचे डोळे भरलेले होते. मला ते नाटक वाटलं. ताप मी मोजायचा, मोरीत मी न्यायचं, अंथरूण मी बदलायचं, आणि हिने केसांत हात घालून डोळे ओले करायचे. मी कप उंबऱ्यावर असा आपटला की दोघींनी दचकून वर पाहिलं.

“चहा,” मी म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर माळ हलली नाही. सासूबाई सकाळ-संध्याकाळ गळ्याला हात लावून बघत. माळ मानेवर होती तिथेच. आतून मला बरं वाटत होतं. सासूबाईंची काळजी होतीच, नव्हती असं नाही. तरी माळ अडकलीय हे बघून माझ्या पोटात जरा थंडच पडलं होतं.

मग रविवार उजाडला. सोपा माणसांनी भरला. कला बाहेर आली, सगळ्यांच्या देखत सासूबाईंच्या गळ्यातली माळ ओढून बघितली आणि मोठ्यांदा म्हणाली, “न्हाई उतरत. आत्याबाई, ही कावीळ माझ्या हातची न्हाई.”

सोप्यातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. जिला सगळी पंचक्रोशी मानते तिच्या घरच्या म्हातारीलाच गुण येत नाही! एक म्हातारबा उठले, पुढं ठेवलेला आपला नारळ उचलून काखेत घातला आणि चपला घालून निघून गेले. त्यांच्यामागं आणखी दोघी-तिघी उठल्या. कला खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सासूबाईंनी बराच वेळ तिच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, “बरं. चला तर मग, कुठं न्यायचं तिथं.”

मला वाटलं, जिंकले! एवढ्या वर्षांनी शेवटी माझं ऐकलं.

साताऱ्याच्या दवाखान्यातली भागीरथी सिस्टर माझ्याबरोबर ट्रेनिंगला होती, म्हणून सगळं भराभर झालं. फोटोत खडा दिसला. ताप खाली आणून ऑपरेशन ठरवलं. आत नेण्याआधी भागीरथी म्हणाली, “अंगावरचं सगळं काढून घे, प्रमिला. ही माळसुद्धा.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. वाटलं, आता अडून बसतील. त्यांनी मान पुढे केली. “काप,” म्हणाल्या.

मी कात्री लावली. माळ हातात आली आणि त्यांना दारातून आत नेलं. मी बाकड्यावर बसले. सहज माळ फिरवून बघितली. काड्या वाळून कडकडीत झाल्या होत्या. इतक्या बारीक झालेल्या काड्या फासातून केव्हाच सैल पडायला हव्या होत्या. मग मी नीट बघितलं. प्रत्येक काडीवर, फासाच्या बरोबर वर, दोऱ्याची आणखी एक गाठ होती. दोन वेढे आणि त्यावर उलटी गाठ. सगळीकडं तीच. खाटेच्या दांडीला मी शिकवलेली.

कात्री अजून माझ्या हातात होती. ती मी बाकड्यावर ठेवली, माळ पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. परड्यातली ती लांबलेली वेणी आठवली. कप आपटल्यावर दचकलेली कला आठवली. आणि मला जे वाटलं ते कौतुक नव्हतं. मला वाटलं, इथंसुद्धा हीच? इथंसुद्धा माझ्या आधी हीच?

खडा निघाला, हरभऱ्याएवढा. डॉक्टरांनी तो बाटलीत घालून दिला. सासूबाई घरी आल्या आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बाटली दाखवू लागल्या. “थोरलीनं वळखलं. तिनं नेलं म्हणून हाय मी,” त्या सांगायच्या. तारूबाई मला म्हणाली, “नशीबवान हाय बाई तुझी सासू.” ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते सगळं ताटात वाढून समोर आलं होतं, आणि मला घास गिळवत नव्हता. रविवारी सोप्यात माणसं कमी झाली. मग एखाद-दुसरं यायचं. मग कुणीच येईना. कला सोपा झाडायची आणि रिकाम्या सोप्यात उगीच पाट मांडून ठेवायची, सवयीने.

तिला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला मोठं म्हणावं लागलं असतं.

टाके काढून झाल्यावर डॉक्टरांनी सासूबाईंना आंघोळीची परवानगी दिली. त्या मोरीजवळ बसल्या आणि कलाला नाही, मला हाक मारली. “प्रमिला, डोक्यावरनं न्हाऊ घाल बाई मला.”

मी पाणी तापवलं. शिकेकाई भिजवली. त्यांचे केस पहिल्यांदा माझ्या हातात आले. वाटलं होतं त्यापेक्षा विरळ होते. मी हळूहळू चोळत होते, आणि इतक्या दिवसांनी छातीत काहीतरी सैल पडत होतं. त्याच नादात मी विचारलं. एकदा ऐकायचं होतं मला, त्यांच्या तोंडून, कुणी दुसरं नसताना.

“आत्याबाई, एवढ्या हटून बसला हुता. शेवटी तयार कशा झाला?”

मला वाटलं, म्हणतील, तुझं पटलं म्हणून.

त्यांनी केस पिळून पुढं घेतले. मग म्हणाल्या, “माळ कुठं हाय?”

“टाकली,” मी म्हणाले.

“टाकली न्हाईस. तू बघितलीस ती, मला ठावं हाय.” त्यांनी डोळ्यांतली शिकेकाई पुसली. “अगं, वेणी घालाया एवढा येळ लागतो व्हय? मानंमागं तिची बोटं चालत हुती. एकेक काडी फिरवायची अन् गाठ मारायची. मला काय कळत न्हाई? तोंडानं सांगितलं तवा मला वाटलं तू भरीला घातलंस. पण बापानं दिल्याला हात पोरगी आपल्याच हातानं बांधून टाकतीया म्हटल्यावर कळलं, काय तरी मोठंच हाय. कुणाच्या काविळीला ती भ्याली न्हाई. माझ्यापायी भ्याली. म्हणून म्हटलं, चला.”

मी तांब्या भरला आणि ओतला.

“आगं भाजलं की!” त्या ओरडल्या. मग हात माझ्या मनगटावर ठेवून म्हणाल्या, “तिला बोलू नगंस. मला कळलंय म्हणून तिला कळाया नगं. लोकांस्नी तुझंच नाव सांगते मी. सांगू दे. तिनं त्याच्यासाठीच केलंय.”

“व्हय,” मी म्हणाले.

“आणि पाणी जरा बेतानं काढ. कला बेतानं काढती.”

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. वेणी पुन्हा कलाच घालू लागली. मला ड्यूटीमुळे जमत नाही, असं मीच सांगितलं. आता सासूबाई नाहीत, मी निवृत्त झाले, कलाचे केसही पांढरे झालेत. तिने पुन्हा कधी माळ बांधली नाही. कुणाला कावीळ झाली की ती म्हणते, “अक्कांकडं जावा. त्यांनी आत्याबाईंना वाचवलं.” मी समोर बसलेली असते. मी नाही म्हणत नाही. ती खरंच तसं मानते, का तिनं मला तेवढं देऊन टाकलंय, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि ते न कळणं मला रोज थोडं खातं.

माळ माझ्या ट्रंकेत आहे. परवा गरम कपडे काढताना हाताला लागली. काड्यांचा भुगा होत आलाय. चष्मा लावून एकेक गाठ बघितली. टाके घालण्यात जन्म गेला माझा, तालुक्यात माझ्या हाताचं नाव होतं. पण इतक्या सारख्या, इतक्या पक्क्या गाठी मला एकाही दिवशी जमल्या नव्हत्या.